कामगाराची गाडी उभी राहायला जागा हवी : जिल्हाधिकारी, भंडारा यांस खुले पत्र

आंबागड, ता. तुमसर, जि. भंडारा

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, भंडारा

विषय : कामाच्या ठिकाणची तात्पुरती वाहनतळ व्यवस्था

नेहमीचा सायकल स्टँड बांधकामात जातो, फाटकासमोरचा रस्ता खोदला जातो, हंगामापुरते मजूर वाढतात किंवा कामच मुळात सहा-आठ महिन्यांचे असते. अशा वेळी कामावर येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी जी जागा ऐनवेळी पुढे येते, तिला तात्पुरते वाहनतळ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती कोणी ठरवलेली नसते. पहिल्या दिवशी पहिला आलेला माणूस झाडाखाली किंवा रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, मागून येणारे तिच्या शेजारी लावतात आणि आठवड्याभरात तीच व्यवस्था होऊन बसते. तिचा नकाशा नसतो, जबाबदार माणूस नसतो, संपण्याची तारीख नसते. काम लांबले की हे वाहनतळही लांबते, आणि एक अख्खा पावसाळा, कधी दोन, कामगार त्याच चिखलातून गाडी ढकलत कामावर जातात.

आंबागड तुमसरच्या वायव्येला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पायथ्याच्या पट्ट्यातली रोजी तीन गोष्टींवर चालते : मॅंगनीज, धान आणि जंगल. उत्तरेकडे चिखल्याची भूमिगत खाण आणि डोंगरी बुजुर्गची खुली खाण आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा रेल्वेमार्ग याच खनिजाच्या पट्ट्यातून जातो. तालुक्यात राईस मिल आहेत, हंगामात आधारभूत धान खरेदी केंद्रे उघडतात, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे फड लागतात, आणि रस्ते, तलाव, इमारती यांची सरकारी कामे वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात. यांतली बरीच कामे गावापासून लांब आणि अवेळी असतात. एसटीचे वेळापत्रक शाळा, बाजार आणि कचेरीच्या वेळेने आखलेले असते. पाळी मात्र पहाटे बदलते आणि रात्रीही बदलते. म्हणून कामगार मोटारसायकलीने येतो. ती बहुधा हप्त्याने घेतलेली असते, आणि अनेक घरांत घर आणि शेत यांच्यानंतरची ती सर्वात मोठी मालमत्ता असते. ती कुठे उभी राहते हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

अशा वाहनतळाचे पहिले नुकसान रस्त्यावर होते. आत जागा नसली की गाड्या डांबरी रस्त्याच्या कडेपट्टीवर लागतात. कडेपट्टी गेली की चालणारा माणूस डांबरावर येतो, आणि त्याच डांबरावरून खनिजाचे टिप्पर, धानाचे ट्रॅक्टर आणि ट्रक जात असतात. पाळी सुटण्याच्या दहा-पंधरा मिनिटांत शंभर गाड्या एकाच वेळी अंधारातून रस्त्यावर येतात. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातले आहेत, आणि त्यात उभ्या वाहनावर आदळून होणारे अपघात हा एक स्वतंत्र प्रकार आहे. फाटकाबाहेर ओळीने लागलेल्या गाड्या आणि मागचा दिवा न लावता थांबलेला ट्रक या दोन्ही गोष्टी त्याच प्रकाराला निमंत्रण देतात.

दुसरे नुकसान जमिनीमुळे होते, आणि इथे स्थानिक माहितीचा उपयोग सर्वात जास्त आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला शेतकरी जमिनीचे कन्हार, मोरण, खर्डी, सिहार, बर्डी असे प्रकार मानतो. काळ्या भारी कन्हारीवर जानेवारीत उभे केलेले वाहनतळ चांगले दिसते. तीच जमीन जुलैत पाणी धरून फुगते. साइड स्टँड आत जातो, एक गाडी कलंडते आणि तिच्यासोबत अख्खी रांग आडवी होते. बर्डी खडकाळ आणि उताराची असते. तिच्यावर पाणी थांबत नाही, चाक रुतत नाही, आणि पीक कमी येत असल्याने शेतमालकही ती द्यायला लवकर तयार होतो. कोणत्याही गावातला जाणता शेतकरी पाच मिनिटांत सांगू शकतो की पावसाळ्यात कोणत्या बाजूला पाणी साचेल. जागा ठरवताना त्याला विचारले जात नाही, कारण जागा ठरवलीच जात नाही. धानाच्या बांधीत मुरूम टाकून वाहनतळ करणे तर सर्वात वाईट. बांधीला पाणी धरण्यासाठी सपाट तळ आणि मजबूत धुरे लागतात. एकदा त्यात मुरूम मिसळला आणि धुरे फुटले की ती बांधी पुन्हा रोवणीला आणण्याचा खर्च मालकावर पडतो.

तिसरा धोका आगीचा आहे, आणि तो फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरुच्या येलहंका हवाई तळाजवळ, एरो इंडिया प्रदर्शनासाठी मोकळ्या मैदानावर केलेल्या वाहनतळात वाळलेल्या गवताला आग लागली. वारा होता. सुमारे ३०० मोटारी जळाल्या. जागा विस्तीर्ण होती, कार्यक्रम देशपातळीवरचा होता, बंदोबस्त होता. तरी गवत कापलेले नव्हते आणि रांगांच्या मध्ये आग अडवणारे अंतर नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याला याची आठवण ठेवणे भाग आहे. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्याच काळात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि तेंदूची नवी पालवी यावी म्हणून बुडके साफ केले जातात. तापलेला सायलेन्सर, टाकीतून झिरपणारे पेट्रोल, विडीचे थोटूक आणि गुडघाभर वाळलेले गवत एकाच ठिकाणी येऊ देणे हा निष्काळजीपणा आहे. गवत मुळापासून काढणे, भोवती तीन-चार मीटर रुंद पट्टा साफ ठेवणे, पन्नासेक गाड्यांनंतर मोकळी गल्ली सोडणे आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवणे याला एका दिवसाची मजुरी लागते.

चोरी, पेट्रोल काढणे, उन्हात सीट फाटणे, हेल्मेट ठेवायला जागा नसणे ही दुखणी सर्वांना माहीत आहेत. त्यांचा परिणाम मात्र कमी लेखला जातो. हेल्मेट ठेवायची सोय नसली की ते घरीच राहते, आणि मग सक्तीच्या कितीही मोहिमा काढल्या तरी पाळीवरचा माणूस उघड्या डोक्याने येतो.

कायद्यात या प्रश्नाला अजून सरळ जागा मिळालेली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० हून अधिक कामगारांसाठी उपाहारगृह, १५० हून अधिक कामगारांसाठी विश्रांतीगृह, ३० हून अधिक स्त्री कामगारांसाठी पाळणाघर अशा सोयी नावानिशी सांगितल्या होत्या. वाहनतळ त्यांत नव्हते. १९४८ साली ते स्वाभाविक होते, कारण तेव्हा कामगार पायी किंवा सायकलने येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने उपाहारगृहाची अट १०० कामगारांपर्यंत खाली आणली. कल्याणकारी सोयींच्या यादीत गाडीची जागा तरीही आली नाही. दुसरीकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२२ सार्वजनिक जागी धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई करते. म्हणजे मालकाने किंवा ठेकेदाराने जागा दिली नाही म्हणून कामगाराने गाडी रस्त्यावर लावली, तर दंड कामगाराला होतो. ज्याने जागा दिली नाही त्याला कोणी विचारत नाही. हा अन्याय आहे आणि तो प्रशासनाच्या हातून रोज घडू शकतो.

न्यायालयांनी मात्र कामाच्या ठिकाणाची हद्द फाटकापाशी थांबवलेली नाही. १९५८ साली सौराष्ट्रातल्या एका मिठागराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले की कामाची जागा आणि वेळ काही प्रमाणात फाटकाच्या अलीकडे-पलीकडे ताणली जाऊ शकते. त्या खटल्यात खाडी ओलांडताना नाव उलटून कामगार बुडाले होते. नाव सार्वजनिक वापराची असल्याने वारसांना भरपाई मिळाली नाही, पण तत्त्व टिकले. १९६३ साली मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या खटल्यात ते प्रत्यक्ष लागू झाले : काम संपवून उपक्रमाच्याच बसने घरी जाणाऱ्या चालकाचा मृत्यू नोकरीच्या ओघात झाला असे ठरले. २०१० साली कर्मचारी राज्य विमा अधिनियमात कलम ५१-ई आले आणि घर ते काम या प्रवासातला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतलाच मानला जाऊ लागला. यापुढचा टप्पा पुन्हा महाराष्ट्रातला आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलीने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात मेला. त्याच्या कुटुंबाला भरपाईसाठी २२ वर्षे थांबावे लागले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला आणि कामगार भरपाई कायद्यातही घर ते काम हा प्रवास सामावू शकतो हे स्पष्ट केले. घरापासून निघालेल्या वाटेचा विचार कायदा करू लागला असेल, तर त्या वाटेचे शेवटचे शंभर मीटर, जे मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या नजरेसमोर असतात, त्यांची जबाबदारी त्याला झटकता येणार नाही.

‘गाडी आपापल्या जबाबदारीवर ठेवावी’ ही पाटीही तितकी भक्कम नाही जितकी ती लावणाऱ्याला वाटते. दिल्लीतल्या एका तारांकित हॉटेलात नोकराच्या हाती किल्ली दिलेली मोटार १९९८ साली चोरीला गेली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवले की वाहन ताब्यात घेतल्यावर ते सांभाळण्यात हयगय झाली, तर नुसत्या सूचनेच्या आधाराने हॉटेल सुटू शकत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती आपल्या वस्तूसारखी सांभाळावी असे म्हटले आहे. या निकालाचा आधार तोच. स्वतः गाडी लावून किल्ली खिशात घालणाऱ्या कामगाराला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण जिथे चौकीदार बिल्ला देतो, नोंद करतो किंवा गाड्या हलवण्यासाठी किल्ल्या ठेवून घेतो, तिथे पाटी लावून हात झटकता येणार नाहीत.

जागेचा प्रश्न पूर्व विदर्भात इतर जिल्ह्यांपेक्षा अवघड आहे. कामाशेजारची ओसाड दिसणारी जमीन पुष्कळदा झुडपी जंगल म्हणून नोंदलेली असते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली अशी जमीन वनजमीनच समजली जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. म्हणजे जेसीबी लावून झुडपे काढली आणि गाड्या लावल्या, हा उपाय बेकायदा आहे, तो कितीही तात्पुरता असला तरी. उरतात तीन पर्याय. एक, कामाच्याच आवारात जागा काढणे, मग त्यासाठी साहित्याचा ढीग दुसरीकडे न्यावा लागला तरी चालेल. दोन, ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा ग्रामसभेला विचारून घेणे. तीन, खासगी पडीक जमीन लेखी कराराने भाड्याने घेणे, आणि त्या करारात सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, भाडे व जमीन पूर्ववत करून देण्याची अट हे चारही असणे. यांपैकी पहिला पर्याय सर्वात चांगला, आणि साहित्याला कामगाराच्या गाडीपेक्षा जास्त मान दिला जातो म्हणून सर्वात कमी वापरला जाणारा.

जागा किती लागेल हा हिशेब सोपा आहे. उभ्या मोटारसायकलीला सुमारे २ मीटर लांबी आणि १ मीटर रुंदी लागते; येण्या-जाण्याची गल्ली धरून साडेतीन चौरस मीटर पकडावेत. चूक होते ती गाड्या मोजताना. एका पाळीला १०० गाड्या येत असतील तर जागा १०० ची करून चालत नाही, कारण पाळी बदलताना येणाऱ्यांच्या आणि जाणाऱ्यांच्या गाड्या एकाच वेळी तिथे असतात. जागा २०० ची, म्हणजे ७०० चौरस मीटर, साधारण ७ गुंठे लागते. ठेकेदाराकडच्या मजुरांना या मोजणीतून बहुधा वगळले जाते आणि तेच शेवटी रस्त्यावर गाड्या लावतात. म्हणून मोजणी हजेरीपटावरून न करता फाटकावर उभे राहून, दोन पाळ्यांच्या मधल्या तासात करावी.

आखणीत एक गोष्ट इतर सर्वांपेक्षा महत्त्वाची आहे : टिप्पर आणि ट्रक यांची वाट वेगळी, दुचाकीची वाट वेगळी आणि पायी माणसाची त्याहून वेगळी असावी. मागे येणाऱ्या टिप्परच्या चालकाला मोटारसायकल दिसत नाही. बांबू आणि दोर बांधून केलेला अडसरही या वाटा वेगळ्या ठेवू शकतो. त्यासाठी सिमेंटची भिंत लागत नाही. गाड्यांचे तोंड बाहेर ठेवले तर सुटताना कोणाला गाडी मागे ढकलावी लागत नाही. मुरमाचा थर दाबून बसवावा, पाण्याला एका बाजूने उतार द्यावा, कडेने नाली काढावी आणि रांगांवर चुन्याच्या रेषा माराव्यात. पावसाळ्यात साइड स्टँडखाली फरशीचा तुकडा किंवा फळी ठेवावी. विजेवरची स्कूटर आता गावातही आली आहे, आणि आकडा टाकलेल्या किंवा उघड्या जोडाच्या तारेवर ती कधीही चार्ज होऊ देऊ नये.

प्रकाशाचा विचार वेगळा करावा लागतो. नव्या संहितेने स्त्रियांना त्यांच्या संमतीने, सुरक्षेच्या अटी पाळून, सायंकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी काम करण्याची मुभा दिली आहे. ती मुभा फाटकाच्या आतच संपत असेल तर निरुपयोगी आहे. रात्री अकराला सुटलेल्या बाईला अंधारातून, नालीच्या काठाने, दोनशे मीटर चालत गाडीपर्यंत जावे लागत असेल तर पुढच्या महिन्यात ती काम सोडते, आणि तिने काम का सोडले याची नोंद कुठेही होत नाही. अपंग कामगारासाठी केंद्र शासनाच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना मुख्य प्रवेशापासून ३० मीटरच्या आत जागा ठेवायला सांगतात. तात्पुरत्या वाहनतळातून ही जागा सर्वात आधी गळते. तीनचाकी स्कूटर चिखलात रुतली तर तिच्यावर बसलेल्या माणसाला उतरून ढकलताही येत नाही.

गाड्यांची संख्याच कमी करता येते का, हेही पाहिले पाहिजे. तुमसर आगाराच्या एखाद-दोन फेऱ्या पाळीच्या वेळेला जुळवल्या तर बऱ्याच मोटारसायकली घरी राहतील. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. त्यांच्यासाठी ही फेरी गाडीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता मोठी आहे. खाण, मिल आणि आगार यांना एका टेबलाशी बसवणे जिल्हा प्रशासनालाच जमू शकते.

प्रशासनाकडून अपेक्षित असलेली कृती मोठ्या खर्चाची नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी कामाच्या कार्यादेशात कामगारांच्या वाहनतळाची जागा, क्षमता, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि समाप्तीची तारीख लिहिणे बंधनकारक करावे, आणि जागा तयार झाल्याखेरीज काम सुरू करू देऊ नये. धान खरेदी केंद्राला मंजुरी देतानाच ट्रॅक्टरची रांग कुठे लागेल आणि हमालांच्या व कर्मचाऱ्यांच्या गाड्या कुठे राहतील हे विचारावे. खासगी आस्थापनांबाबत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने फाटकाबाहेरच्या गर्दीच्या जागा पाहून आस्थापनेला लेखी कळवावे. कामगाराला दंडाची पावती फाडण्याआधी हे घडले पाहिजे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ११७ राज्य शासनाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, ठरावीक मुदतीसाठीही वाहने उभी करण्याच्या जागा ठरवू देते. त्यामुळे सार्वजनिक जागेवरच्या तात्पुरत्या वाहनतळालाही कायदेशीर रूप देता येते. महाशिवरात्रीच्या यात्रेसारख्या दोन-तीन दिवसांच्या गर्दीसाठी वाहनतळ कसे आखायचे हे पोलिसांना आणि महसूल यंत्रणेला चांगले ठाऊक असते. तीच आखणी दोन वर्षे चालणाऱ्या कामाला मिळावी.

मुदत संपली की पाहणी करून दाखला द्यावा. मुरूम उचलला, नाल्या बुजवल्या, धुरे पुन्हा घातले, झाडांना ठोकलेले खिळे आणि तारा काढल्या, सांडलेले तेल मुरलेली माती बाजूला केली, आणि जमीनमालकाने किंवा ग्रामपंचायतीने ती पाहून सही केली, की मगच ठेकेदाराची अनामत रक्कम सोडावी. काम लांबले तर मुदत आपोआप वाढू नये. जागेची पुन्हा पाहणी व्हावी, आणि ती शक्यतो मृग नक्षत्राच्या आधी व्हावी.